काउंटरवर ठेवलेलं पान

कपाशीचं पान लाल पडलं की ते आधी आमच्या काउंटरवर येतं. तालुका कृषी कार्यालय, कृषी विज्ञान केंद्र, अकोल्याचं विद्यापीठ हे सगळं नंतर, आणि बहुतेक वेळा ते नंतर कधी येतच नाही. खिशातून नाहीतर पन्नीतून पान निघतं, काचेवर ठेवलं जातं आणि एकच प्रश्न येतो, "काय मारू, ताई?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं कृषी सेवा केंद्र आहे. बाबांनी ते उभं केलं. मी कृषीची पदवी घेऊन परत आले आणि आता आम्ही दोघं मिळून ते चालवतो. त्यामुळे हे पान मी रोज बघते, आणि दरवेळी मनात येतं की या एका पानावर उत्तर देणं किती अवघड आहे.

पान लाल पडायला चार-पाच तरी कारणं असतात. पान उलटं केलं, खाली बारीक हिरवट पिल्लं दिसली आणि हात लागताच ती तिरकी चालत पळाली, तर ते तुडतुडे. त्यांनी रस शोषला की पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग लाल होतात आणि खाली मुडपतात. कडा मुडपलेल्या नाहीत, शिरा हिरव्याच आहेत आणि शिरांमधला भाग तेवढा लालसर झालाय, तर मॅग्नेशियम कमी पडलेलं असू शकतं. बोंडं भरत असताना नत्र पुरलं नाही तरी लाल्या येतो. रात्री एकाएकी गार झाल्या तरी येतो. पाणी साचून मुळं गुदमरली तरी येतो. शिवाय पन्नीतून आलेल्या पानावर तुडतुडा थोडाच बसून राहणार, तो शेतातच राहिलेला असतो. म्हणून विचारावं लागतं. जमीन भारी की हलकी? पाऊस शेवटचा कधी झाला? झाडावर बोंडं किती? आधी काय मारलं? पूर्ण शेत लाल आहे की खोलगट भागच? एवढं विचारल्यावर कधीकधी उत्तर निघतं की काहीच मारू नका, चर काढून पाणी बाहेर जाऊ द्या. त्या उत्तराचे पैसे मिळत नाहीत. त्याच पानावर एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक आणि एक टॉनिक असं बिल मात्र सहज होतं.

मला जे म्हणायचं आहे ते इथूनच सुरू होतं. ज्याच्या हातात औषधाची बाटली आहे तोच गावातला पीक सल्लागार आहे, मग त्याला कुणी ती पदवी दिलेली असो वा नसो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण संस्थेने 2003 मध्ये शेतकऱ्यांना विचारलं होतं की तुम्हाला शेतीची माहिती कुठून मिळते. निविष्ठा विक्रेत्याकडून, म्हणजे बियाणं-खत-औषध विकणाऱ्याकडून, असं सांगणारे 13 टक्के होते. सरकारी विस्तार कार्यकर्त्याकडून, असं सांगणारे 6 टक्केही नव्हते. आमच्या भागातला कृषी सहायक मी बघते. तीन-चार गावं त्याच्या अंगावर, त्यात पंचनामे, पीक विमा, अनुदानाच्या याद्या. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण मधली जागा रिकामी राहत नाही. ती आम्ही भरतो, आणि भरतो आहोत हे मान्य करून आमच्या शिक्षणाकडे बघायला हवं.

बरीच वर्षं हे शिक्षण कुणी मागितलंच नव्हतं. कीटकनाशक कायदा 1968 चा, त्याचे नियम 1971 चे. परवाना मिळायचा तो दुकानाच्या जागेवर, कागदपत्रांवर आणि कंपनीच्या पत्रावर. विकणाऱ्याला अळी आणि बुरशी यातला फरक कळतो का, हा प्रश्न त्यात नव्हता. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये नियम बदलला. विक्रेत्याकडे कृषीची किंवा रसायन, वनस्पती, प्राणिशास्त्र अशा विज्ञान विषयांची पदवी हवी, असं ठरलं. जुन्या दुकानदारांत एकच हलकल्लोळ उडाला. वीस-पंचवीस वर्षं दुकान चालवणाऱ्या दहावी-बारावी झालेल्या माणसांनी आता काय करायचं? त्यांना दोन वर्षांची मुदत मिळाली, ती पुढे वाढत गेली, आणि पदवी नसेल तर कृषीचा एक वर्षाचा डिप्लोमाही चालेल अशी वाट निघाली.

तो डिप्लोमा खरं तर आधीपासूनच होता. हैदराबादच्या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे मॅनेजने, 2003 मध्ये निविष्ठा विक्रेत्यांसाठी तो सुरू केला. सगळे त्याला देसी म्हणतात. 48 आठवडे, आठवड्यातून एक दिवस, रविवारी किंवा बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी. त्यातले 40 वर्ग आणि 8 शिवारभेटी. एका तुकडीत 40 जण. फी आधी 20 हजार होती, आणि केंद्राच्या योजनेत त्यातले निम्मे सरकार भरायचं. आपल्याकडे नागपूरची वनामती ही कृषी प्रशिक्षण संस्था त्याचं काम बघते आणि वर्ग कृषी विज्ञान केंद्रात, कृषी महाविद्यालयात असे भरतात.

बाबा त्या वर्गाला बसले ते साठीच्या उंबरठ्यावर. रविवारी सकाळी डबा, वही आणि चष्मा घेऊन निघायचे. पहिल्या काही रविवारी तोंड वाकडं असायचं, हे सांगायला हरकत नाही; सोबतच्या दुकानदारांचंही तेच. आम्हाला काय शिकवणार हे पोरगेले शास्त्रज्ञ, अशी हवा होती. ती बदलली तणांच्या संग्रहापासून. प्रत्येकाने आपल्या भागातली तणं गोळा करून, वाळवून, वहीत चिकटवून आणायची होती. केना, लव्हाळा, हरळी, कुर्डू, गाजरगवत ही नावं बाबांना लहानपणापासून पाठ. पण केना कोणत्या तणनाशकाला दाद देत नाही, लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत किती खोल जातात आणि वरून जाळला तरी तो परत का उगवतो, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा कारणासकट समजून घेतलं. त्या आठवड्यात आमच्या घरभर रद्दीच्या कागदात दाबलेली तणं होती. आईने कुरकुर केली आणि मग तीच कुर्डूची फुलं नीट पसरून ठेवायला लागली.

दुसरी गोष्ट औषधांच्या गटांची. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड ही तिन्ही नावं आमच्या रॅकमध्ये वेगवेगळ्या डब्यांत, वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या भावाची. मागच्या फवारणीला पहिलं चाललं नाही म्हणून शेतकऱ्याला दुसरं द्यायचं, दुसरं चाललं नाही की तिसरं, ही सगळ्या बाजारपेठेची रीत. वर्गात कळलं की तिन्ही निओनिकोटिनॉइड या एकाच गटातली आहेत, किडीच्या मज्जासंस्थेवर एकाच ठिकाणी घाव घालणारी. एकाला सरावलेला तुडतुडा दुसऱ्यालाही सरावलेला असण्याचीच शक्यता जास्त. त्या रविवारी रात्री बाबांनी दुकान उघडलं आणि कीटकनाशकांची रॅक कंपनीप्रमाणे होती ती गटाप्रमाणे लावली. आजही ती तशीच आहे. कंपनीचे प्रतिनिधी येतात तेव्हा त्यांना आपला माल तीन ठिकाणी विखुरलेला दिसतो आणि ते नाराज होतात.

आता 2017 चं बोलायला हवं, कारण आमच्या जिल्ह्यात राहून या विषयावर लिहिताना ते टाळणं बरोबर होणार नाही. त्या पावसाळ्यात कपाशी डोक्याएवढी वाढली होती. हवा दमट, ऊन कडक, आणि गुलाबी बोंडअळीच्या धास्तीने फवारणीवर फवारणी. बारीक तुषार उडवणारे चार्जिंगचे आणि पेट्रोलचे पंप, अंगात साधा शर्ट, तोंडाला फार तर रुमाल. एकाच पंपात दोन-दोन, तीन-तीन औषधं. यवतमाळ जिल्ह्यात 20 हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले, काहींची दृष्टी अधू झाली. सरकारने चौकशीसाठी विशेष पथक नेमलं आणि मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन यांसह पाच उत्पादनांच्या विक्रीवर 60 दिवसांची बंदी घातली.

त्या मृत्यूंची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. सगळं खापर विक्रेत्यावर फोडणं अन्यायाचं होईल. पण त्या मिश्रणांतली कितीतरी मिश्रणं कुठल्यातरी काउंटरवर सांगितली गेली होती, हे मला विसरता येत नाही. पंपाला किती, हे सांगताना आम्ही झाकणाच्या मापात बोलतो. एक झाकण हे, दोन झाकण ते. चार्जिंगचा पंप तुषार बारीक करतो, ते हवेत जास्त वेळ राहतात, श्वासात जातात. घामाने ओल्या झालेल्या कातडीतून विष जास्त शोषलं जातं. डोक्याएवढ्या पिकात शिरून फवारणाऱ्याच्या तोंडावरच सगळं येतं. हे ज्याला माहीत आहे तो दुकानदार झाकण सांगून थांबणार नाही. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर मारा, वारा पाठीशी ठेवा, पीक उंच असेल तर एक ओळ सोडून चाला, दुपारी अजिबात नको, हे तो सांगेलच. तेवढं सांगायला त्याला ते आधी कुणीतरी शिकवलेलं असावं लागतं.

बाबांची तुकडी त्यानंतरची. लेबल वाचण्याचा वर्ग होता त्या दिवशी सगळे गप्प होते, असं ते सांगतात. डब्यावरचा चौकोन आणि त्यातला त्रिकोण: लाल म्हणजे अति तीव्र विषारी, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. आणि त्याखाली अगदी बारीक अक्षरात उतारा, म्हणजे विष उतरवणारं औषध. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं औषध असेल तर ॲट्रोपीन देतात. पायरेथ्रॉइडला तसा खास उतारा नाही, लक्षणांप्रमाणे उपचार करतात. म्हणजे रुग्ण दवाखान्यात पोचतो तेव्हा डॉक्टरला औषधाचं नाव कळणं जीव वाचवण्याइतकं मोलाचं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक बिलावर ब्रँडच्या नावापुढे घटकाचं नाव मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, आणि बिल फवारणी होईपर्यंत खिशात ठेवा असं मी प्रत्येकाला सांगते. घाईच्या दिवसांत रांग लागते, मागचे वैतागतात, तरी सांगते.

देसीचा मला मनापासून आदर आहे, तो असा कमावलेला आहे. म्हणूनच पुढचं बोलणं मला गरजेचं वाटतं. बाबांचं प्रमाणपत्र 2019 चं. चौकट करून भिंतीवर लावलंय, आणि लावायलाच हवं होतं. पण त्यानंतर आमच्या शेतांत आणि आमच्या रॅकमध्ये काय काय बदललं ते बघा.

अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी सोलापूरच्या मक्यात आली. बाबांना ती वर्गात बघायला मिळाली, डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडे चौकोनात बसलेले चार ठिपके. त्यांच्या आदल्या वर्षी डिप्लोमा झालेल्यांना ती कुणी दाखवली नाही. फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस अशी सहा औषधं 2020 संपता संपता बंद झाली. फोरेट म्हणजे आमच्याकडचं थिमेट. आजही लोक थिमेटच मागतात, आणि त्याऐवजी काय द्यायचं हे दुकानदाराने स्वतःच शोधायचं. ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनी वापरावं असा आदेश 2022 मध्ये निघाला. शिवारात काय चाललंय ते सगळ्यांना दिसतं. 2023 मध्ये मिथोमिल आणि डायकोफॉलवर बंदी आली. त्याच वर्षी विदर्भात सोयाबीन पिवळ्या मोझॅकने आणि मूळकुजीने हातचं गेलं. मोझॅक पांढऱ्या माशीने पसरतो आणि खोडकुजीचं, मूळकुजीचं मूळ जमिनीत असतं. दोन्ही शेतं लांबून पिवळीच दिसतात, आणि दोघांच्या हातात तेव्हा एकच बुरशीनाशक ठेवलं गेलं. मग ड्रोन आले. पाठीवरच्या पंपाने एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनला दहाच्या आसपास. प्रमाण कसं धरायचं, कुठलं औषध त्या दाट द्रावणात पिकाला चटका देईल, शेजारच्या शेतात किती उडेल, याचं उत्तर 2019 च्या वहीत असणारच नाही.

अमेरिकेत प्रमाणित पीक सल्लागार असं एक प्रमाणपत्र आहे, तिथल्या कृषिविद्या शास्त्रज्ञांच्या संस्थेने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू केलेलं. परीक्षा पास व्हावी लागते, अनुभव दाखवावा लागतो, आचारसंहितेवर सही करावी लागते. पण मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं कलम वेगळंच आहे. दर दोन वर्षांनी 40 तासांचं नवं शिक्षण दाखवलं नाही तर प्रमाणपत्र चालू राहत नाही. ते तासही एकाच विषयाचे चालत नाहीत. अन्नद्रव्यं, माती-पाणी, कीड-रोग आणि पीक व्यवस्थापन या चारही खात्यांत थोडे थोडे भरावे लागतात. कॅलिफोर्नियात कीडनियंत्रणाचा सल्ला देणाऱ्याला राज्याचा परवाना लागतो आणि त्याचं नूतनीकरणही असंच 40 तासांवर होतं. तिथली शेती वेगळी, शेतं मैलमैल लांब, तिथला सल्ला लेखी असतो. ते जसंच्या तसं इथे आणा असं मी म्हणणार नाही. पण पीक सल्ल्याचं ज्ञान शिळं होतं हे त्यांनी नियमात लिहून ठेवलं आणि आपण लिहिलं नाही, एवढा फरक मला स्पष्ट दिसतो. आपल्याकडे पात्रता दारात विचारतात. आत आल्यावर पुन्हा कुणी विचारत नाही.

मग आम्ही नवं शिकतो कुठून? बहुतेक करून कंपन्यांकडून. हंगामाआधी हॉटेलात मीटिंग असते. पडद्यावर आधीचं आणि नंतरचं शेत दाखवतात, मग स्कीम सांगतात, इतक्या पेट्या उचलल्या तर सहल, तितक्या उचलल्या तर मोटारसायकल. त्या मीटिंगांतून मला काही मिळत नाही असं नाही. नव्या घटकाची माहिती सगळ्यात आधी तिथेच कळते आणि सांगणारी पोरं बरेचदा हुशार, कृषी पदवीधर, माझ्याच कॉलेजची असतात. पण फवारायची गरज नाही असं वाक्य तिथे कधीच ऐकू येत नाही. मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले किंवा शंभरातली दहा फुलं-बोंडं किडकी निघाली की मगच बोंडअळीसाठी फवारायचं, ही आर्थिक नुकसानीची पातळी शिकवायला कंपनी कशाला पैसे खर्च करेल? ते विद्यापीठानेच शिकवायला हवं. चारही कृषी विद्यापीठं दरवर्षी एकत्र बसून नव्या शिफारशी मंजूर करतात. त्या शिफारशी छापल्या जातात, आणि आमच्या तालुक्याच्या दुकानापर्यंत येता येता वर्ष-दोन वर्षं निघून जातात. क्रॉपसॅप या कीड-रोग सर्वेक्षणाच्या योजनेखाली कृषी विभाग शेतोशेती किडींची निरीक्षणं घेतो, 2009 पासून घेतोय, फार मोलाचं काम आहे ते. त्याचा आठवड्याचा सल्ला दर दुकानाच्या काउंटरवर लागलेला असावा, असं मला तेव्हापासून वाटतं.

शिकलेला दुकानदार तरी प्रामाणिक सल्ला देईल कशावरून, असं मला एका प्राध्यापकांनी विचारलं होतं. प्रश्न खरा आहे. आमचं पोट बाटलीवर आहे, सल्ल्यावर नाही. काहीच मारू नका असं सांगितलं तर माणूस समोरच्या दुकानात जातो आणि तिथून पिशवी भरून आणतो, हे मी काचेतून बघितलंय. त्यात उधारी. दिवाळीनंतर कापूस विकल्यावर पैसे देणाऱ्या माणसाला मी माल देते, आणि त्याचं पीक गेलं तर माझेही पैसे जातात. हीच गोष्ट मला धीर देते. चुकीच्या फवारणीवर शेतकऱ्याचा खर्च वाढला की माझी वसुली अडते. चांगला सल्ला आणि माझा धंदा एका हंगामापुरते भांडतात. पाच हंगामांचा हिशेब केला तर ते एकाच बाजूला येतात. बाबांनी पाच-सहा वर्षांपूर्वी लाल्याच्या पानावर औषध नाकारलेला एक शेतकरी आज भावासकट आमच्याकडे येतो आणि पेरणीच्या आधी विचारायला येतो. नियम, प्रमाणपत्र, तास यांनी माणूस प्रामाणिक होत नाही हे मला मान्य आहे. पण ज्याला प्रामाणिक राहायचं आहे त्याच्या हातात ज्ञान नसेल तर तो चांगुलपणाने चुकीची बाटली देतो, आणि पंप पाठीवर घेणाऱ्याला त्या चांगुलपणाचा काही उपयोग नाही.

म्हणून आमच्या तालुक्यातल्या काही दुकानदारांनी मिळून जिल्ह्याच्या कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेला, म्हणजे आत्मा कार्यालयाला, अर्ज दिलाय. मागणी मोठी नाही. दरवर्षी मृगाच्या आधी एक दिवस आणि कपाशी पात्यांवर, म्हणजे कळ्यांवर, आली की एक दिवस, शास्त्रज्ञांनी यावं. दुसरा दिवस शेतात व्हावा. डोमकळी, म्हणजे बोंडअळीमुळे न उमललेलं फूल, तोडून, पाकळ्या उलगडून आतली अळी प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघावी, सापळे मोजावेत. बंद झालेल्या आणि नव्याने आलेल्या औषधांची यादी त्याच दिवशी हातात मिळावी. दुकानात प्रत्यक्ष काउंटरवर बसणाऱ्याला बोलवावं, परवाना ज्याच्या नावावर आहे त्यालाच नाही. कित्येक दुकानांत परवाना एकाचा आणि पुड्या बांधणारा, माप सांगणारा पोरगा दुसराच असतो. काही दुकानं दुपारी घरातल्या बायका सांभाळतात, त्यांना आजवर कुठल्याच वर्गाचं निमंत्रण आलेलं नाही. आणि हजेरीची नोंद परवान्याच्या फाइलला लागावी, म्हणजे तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला स्टॉक रजिस्टरसोबत तीही बघता येईल.

मंजुरी अजून आलेली नाही. कृषी विज्ञान केंद्रातल्या कीटकशास्त्राच्या मॅडमनी मात्र, कागद येवो न येवो, मृगाच्या आधीच्या रविवारी येते असं कळवलंय. बाबांनी त्यांच्यासाठी प्रश्न काढून ठेवलेत. पहिला ड्रोनच्या मापाचा आहे. दुसरा असा की कपाशीत तुडतुड्यांना निओनिकोटिनॉइड गट चालेनासा झाला तर आमच्या तालुक्याच्या जमिनीत, आमच्या पावसात, नक्की कुठला गट कितव्या फवारणीला घ्यायचा, आणि निंबोळी अर्काच्या दोन फवारण्या आधी घेतल्या तर त्यातली एखादी रासायनिक फवारणी खरंच वाचते का.